हजार कोअरवर मराठी वाक्यांचं पार्सिंग: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

मुंबईतल्या महाविद्यालयांतून, संशोधन गटांतून आणि अंधेरी-पवईकडच्या छोट्या कंपन्यांतून एकच तक्रार वारंवार ऐकू येते. पार्सर, म्हणजे वाक्याची रचना उलगडणारा प्रोग्रॅम, लॅपटॉपवर व्यवस्थित चालत होता. मोठ्या यंत्रावर नेला, पाचशे कोअर (प्रोसेसरमधली एकेक गणन-एककं) मागितले आणि काम उलट हळू झालं. कधी ते मध्येच बंद पडलं. कधी पूर्ण झालं, पण मोजून पाहिलं तर हजारो वाक्यं गायब. बहुतेक वेळा यंत्रात काहीच बिघाड नसतो, कामाचा क्रम चुकलेला असतो. आधी कोअर मागितले जातात आणि मग मजकुराकडे लक्ष जातं. खरं तर मजकूर, मोजमाप, वाटणी आणि मग यंत्र, असा हा क्रम आहे. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत आणि ते त्याच क्रमाने करावेत.

इथे पार्सिंग म्हणजे अवलंबन-विश्लेषण. वाक्यातल्या प्रत्येक शब्दाचं हेड, म्हणजे तो ज्यावर अवलंबून आहे तो शब्द, कोणतं आणि दोघांमधलं नातं काय, हे ठरवणं. प्रत्येक नातं एका बाणाने दाखवतात, सगळ्या बाणांचा मिळून वृक्ष होतो आणि ज्या मुख्य शब्दाला हेड नसतं तो त्याचं मूळ. लेख अशांसाठी आहे ज्यांच्याकडे पार्सर तयार आहे, मराठी मजकूर काही लाख ते काही कोटी वाक्यांचा आहे आणि एखाद्या संस्थेच्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांच्या यंत्रावर, खातं आहे.

## आधी ठरवा: समांतर काय चालवायचं?

बरेच जण पहिल्याच पायरीवर चुकीची वाट धरतात. एकाच वाक्याचं पार्सिंग अनेक कोअरवर वाटण्याचा मोह होतो. तो टाळा. कारण समजून घेतलं तर पुढचे निर्णय सोपे होतात.

उदाहरणादाखल छोटे शब्दगट जोडून मोठे गट बनवणारा, पदबंध-व्याकरणाचा सीकेवाय पार्सर घ्या. वीस शब्दांच्या वाक्यात दोन किंवा अधिक शब्दांचे १९० तुकडे पडतात. दोन शब्दांचे १९ तुकडे एकाच वेळी सोडवता येतात, मग तीन शब्दांचे १८, मग १७. प्रत्येक पायरीला आधीची पायरी पूर्ण होण्याची वाट पाहावी लागते आणि शेवटच्या पायरीवर एकच तुकडा उरतो. म्हणजे काम पुढे सरकतं तसतसे कोअर रिकामे होत जातात. एकेक कृतीने बाण जोडत जाणाऱ्या आर्क-स्टँडर्ड पद्धतीच्या पार्सरमध्ये तर एवढीही सोय नाही. वीस शब्दांसाठी सुमारे चाळीस कृती लागतात आणि प्रत्येक कृती आधीच्या कृतीवर अवलंबून असते.

याउलट दोन वेगळ्या वाक्यांचा पार्सरच्या लेखी एकमेकांशी काहीच संबंध नसतो. म्हणून वाटणी वाक्यांची करा. वाक्याच्या आतली समांतरता जीपीयूच्या (एकाच वेळी हजारो आकडेमोडी करणाऱ्या ग्राफिक्स-चिपच्या) मॅट्रिक्स-गुणाकारावर सोडा, ती तिथे आपोआप मिळते.

पार्सर निवडताना मराठीपुरती एक गोष्ट पाहा. "छत्री मी तिला सांगितली होती आणायला" हे पावसाळ्यात कुणाच्याही तोंडी येणारं वाक्य आहे. यात "छत्री" हे "आणायला"चं कर्म आहे, पण दोघांच्या मध्ये मुख्य क्रियापद आणि त्याचे इतर आश्रित बसलेले आहेत. त्यामुळे बाण एकमेकांना छेदतात. फक्त न छेदणारे बाण मांडणारा पार्सर, उदाहरणार्थ आयस्नरची पद्धत किंवा साधी आर्क-स्टँडर्ड, अशा वाक्यात चुकणारच. बातम्यांच्या भाषेत हे कमी दिसतं. संवाद, कथा आणि सभांच्या इतिवृत्तात बरंच. तुमचा मजकूर दुसऱ्या प्रकारचा असेल तर प्रत्येक जोडीला गुण देऊन सर्वोत्तम वृक्ष शोधणारा पार्सर घ्या.

## टप्पा १: अक्षरं एकसारखी करा

हा टप्पा सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो आणि सर्वाधिक नुकसान इथेच होतं. एकच शब्द दोन वेगळ्या कोड-क्रमांनी लिहिलेला असेल तर पार्सरच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द असतात. डोळ्याला फरक दिसत नाही.

अर्धा र. "दुसऱ्या", "तऱ्हा", "वऱ्हाड" यांतला र दोन प्रकारे लिहिलेला सापडतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्त चिन्ह असतं. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक, म्हणजे न दिसणारं जोड-चिन्ह, असतो. स्वच्छतेच्या नावाखाली बहुतेक तयार स्क्रिप्ट सगळी शून्य-रुंदीची चिन्हं पुसून टाकतात. दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या शब्दातला जोडक गेला की "दऱ्या"चा "दर्या" होतो आणि "आचाऱ्यांना"चं "आचार्यांना". डोंगरांच्या दऱ्या समुद्र होतात, स्वयंपाकी गुरुजी होतात. म्हणून आधी र, हलन्त आणि जोडक हा क्रम शोधून त्याजागी ऱ आणि हलन्त घाला. उरलेली शून्य-रुंदीची चिन्हं त्यानंतर काढा. हा क्रम उलटा झाला तर गेलेला फरक परत मिळवता येत नाही.

ॲ आणि ऑ. "ॲप" मधला ॲ हा यूनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र अक्षर म्हणून आला. त्याआधीच्या मजकुरात आणि अनेक कीबोर्डांच्या कृपेने आजही, अ आणि त्यावर चंद्र अशी दोन चिन्हं सापडतात. "ऑफिस"मधल्या ऑचंही तसंच: काही ठिकाणी आ आणि त्यावर वेगळा चंद्र. यूनिकोडचं नेहमीचं एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे समतुल्य कोड-क्रम एका रूपात आणणारी पद्धत, या जोड्यांना हात लावत नाही, कारण मानकाच्या दृष्टीने त्या समतुल्यच नाहीत. त्या बदलण्याचा नियम स्वतः लिहावा लागतो.

जुने फॉन्ट. यूनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर असेल तर आधी परिवर्तक चालवा. मग प्रत्येक फाइलमधली काही पानं माणसाने वाचा. वेलांटी आणि रफार चुकीच्या अक्षरावर सरकणं हा इथला नेहमीचा दोष.

अंक. देवनागरी (१, २, ३) आणि इंग्रजी (1, 2, 3) अंक दोन्ही असतील तर कोणतेही एक ठेवा. प्रशिक्षणाच्या मजकुरात जे आहेत तेच ठेवणं बरं.

> तपासणी: साफ केलेल्या मजकुरातली सगळी वेगवेगळी कोड-चिन्हं आणि त्यांची संख्या यांची यादी काढा. नीट झालेल्या मराठी मजकुरात ही यादी शंभर-दोनशेच्या आसपास मावते. हजारांत गेली, तर कुठेतरी न बदललेला फॉन्ट किंवा तुटलेली फाइल आहे. पुढे जाऊ नका.

## टप्पा २: वाक्यं नीट तोडा

मराठीत वाक्याच्या शेवटी पूर्णविराम येतो आणि तोच पूर्णविराम आणखी दहा कामं करतो. "ना. म. जोशी मार्गावर वाहतूक वळवली" या वाक्याचे साध्या नियमाने तीन तुकडे होतात. "न. चिं. केळकर मार्ग", "डॉ.", "प्रा.", "कै.", "सौ.", "क्र.", "ता.", "जि.", "इ. स.", "रु.", "कि. मी." यांचीही तीच गत. वेळ लिहिण्याची आपली रीत तर खास त्रासदायक आहे: "सकाळी ६.४२ची लोकल". अंकांमधल्या बिंदूवर तोडणारा नियम या एका बातमीतून दोन निरर्थक वाक्यं बनवतो आणि मेगाब्लॉकच्या बातमीत अशा वेळा ओळीने असतात.

करायचं ते असं:

१. संक्षेपांची यादी तुमच्याच मजकुरातून काढा. पूर्णविरामाआधी येणारे एक ते तीन अक्षरांचे सगळे शब्द वारंवारितेने लावा आणि वरचे काही शे माणसाने वाचा. तासाभराचं काम आहे.

२. दोन अंकांमधला बिंदू कधीही वाक्याचा शेवट मानू नका.

३. एकाक्षरी शब्द आणि बिंदू अशी जोडी सलग आली तर ती आद्याक्षरं समजा. "तो. ती. ते." अशी खरी वाक्यं क्वचितच येतात.

४. अवतरणचिन्हातलं वाक्य आणि त्यामागचं "असं ते म्हणाले" एकत्र ठेवायचं की तोडायचं, ते एकदाच ठरवा आणि लिहून ठेवा.

आता शब्दांच्या तुकड्यांबद्दल. "दादरहून", "मुंबईतल्या", "पुलाखालून" यांतली शब्दयोगी अव्ययं आणि प्रत्यय शब्दाला चिकटून राहतात. काही वृक्षसंचांत, म्हणजे हाताने विश्लेषित केलेल्या वाक्यांच्या संग्रहांत, ती वेगळी काढून मांडलेली असतात, काहींत तशीच ठेवलेली. पार्सर ज्या संचावर शिकला त्यात काय केलं आहे ते उघडून पाहा. कॉनएल-यू (विश्लेषण ओळीला एक शब्द असं लिहिण्याचं रूप) फाइलमध्ये पहिल्या स्तंभात "३-४" अशा जोड-क्रमांकाच्या ओळी असतील तर शब्द तोडलेले आहेत. मग तुमच्या मजकुरालाही तोच तोडणारा भाग लावायला हवा. शिकताना एक पद्धत आणि वापरताना दुसरी, असं झालं तर अचूकता कोसळते आणि कुठलाही त्रुटीसंदेश येत नाही.

> इशारा: शंभराहून अधिक शब्दांचं "वाक्य" दिसलं तर ते बहुधा वाक्य नसतं. तो तक्ता, नावांची यादी किंवा न तुटलेला परिच्छेद असतो. असा मजकूर वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवा, मुख्य कामात मिसळू नका. टप्पा ६ मध्ये याचं महत्त्व कळेल.

## टप्पा ३: एका कोअरवर चालवा आणि मोजा

मोठ्या यंत्रावर जाण्याआधी दोन आकडे हातात हवेत: पार्सर किती बरोबर आहे आणि किती वेगवान आहे.

अचूकतेसाठी स्वतःच्या मजकुरातली दीडशे-दोनशे वाक्यं हाताने विश्लेषित करा. हे टाळण्याकडे सगळ्यांचा कल असतो, कारण स्टॅन्झा किंवा यूडीपाइप या तयार पार्सरांच्या मराठी मॉडेलसोबत अचूकतेचे आकडे छापलेले असतातच. पण ही मॉडेलं ज्या यूनिव्हर्सल डिपेन्डन्सीज या बहुभाषी प्रकल्पाच्या मराठी वृक्षसंचावर शिकली, त्यात पाचशेपेक्षा कमी वाक्यं आहेत आणि बरीचशी कथांमधली. त्यातला चाचणीचा वाटा मूठभर वाक्यांचा. त्या आकड्यावरून महापालिकेच्या इतिवृत्ताबद्दल किंवा बातम्यांबद्दल काहीही ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अचूकता कमी निघाली तर हिंदीचा साडेसोळा हजारांवर वाक्यांचा वृक्षसंच मराठीसोबत जोडून, म्युरिलसारख्या बहुभाषी मॉडेलवर पुन्हा शिकवून पाहा. कर्ता-कर्म-क्रियापद हा क्रम आणि लिपी दोन्ही सारखी असल्याने याचा उपयोग होतो. दोन हजार कोअरवर चुकीचं विश्लेषण वेगाने करून घेण्यात काही अर्थ नाही.

वेगासाठी दहा हजार वाक्यं एका प्रोसेसवर (प्रोग्रॅमची एक चालू प्रत), एकाच थ्रेडवर (तिच्या आतला कामाचा एक धागा) चालवा. मॉडेल चढायला लागलेला वेळ आणि प्रत्यक्ष पार्सिंगचा वेळ वेगवेगळा नोंदवा. सर्वाधिक किती मेमरी लागली तेही नोंदवा.

मग गुणाकार करा. समजा वेग सेकंदाला ४० वाक्यं आहे आणि तुमच्याकडे एक कोटी वाक्यं आहेत. अडीच लाख सेकंद, म्हणजे सुमारे ६९ कोअर-तास. ४८ कोअरच्या एकाच नोडवर (क्लस्टरमधल्या एका संगणकावर) हे काम दीड तासात उरकतं. हजार कोअरची गरजच नाही! रांगेत दोन दिवस थांबण्यापेक्षा एक नोड मागणं शहाणपणाचं. वीस कोटी वाक्यं असतील तर मात्र १,३८९ कोअर-तास लागतात आणि दहा नोडांवर ते तीन तासांत बसतं. तिथे पुढचे टप्पे लागतात.

अॅम्डालचा नियमही इथेच लावून बघा: समांतर न होणारा भाग एकूण वेगाला मर्यादा घालतो. एकूण कामातला ५ टक्के भाग एकापाठोपाठ एकच होणारा असेल, म्हणजे फाइल वाचणं, निकाल एकत्र करणं वगैरे, तर ६४ कोअरवर वेग १५.४ पट होतो आणि १,०२४ कोअरवर १९.६ पट. सोळापट कोअर वाढवून हाती आलं ते एवढंच. म्हणून तो ५ टक्क्यांचा भाग आधी कमी करा.

## टप्पा ४: गठ्ठे बांधा

मजकूर समान आकाराच्या गठ्ठ्यांत वाटायचा. नियम थोडे आहेत, पण प्रत्येकामागे कारण आहे.

एक गठ्ठा एका कोअरवर साधारण अर्धा तास चालेल एवढा ठेवा. वरच्या वेगाने तो ७२,००० वाक्यांचा होतो आणि वीस कोटींचे सुमारे २,८०० गठ्ठे. गठ्ठे फार मोठे असतील तर एक बंद पडल्यावर तासन् तासांचं काम जातं आणि शेवटी एकच कोअर राबत बसतो. फार लहान असतील तर दर वेळी मॉडेल चढवण्यातच वेळ जातो.

प्रत्येक वाक्याला कायमचा ओळख-क्रमांक द्या: स्रोत फाइल, परिच्छेद, वाक्य. कॉनएल-यूमध्ये वाक्याच्या वर टिप्पणीच्या ओळीत तो बसतो. पुढे वाक्यांचा क्रम बदलणार आहे, त्यामुळे या क्रमांकाशिवाय मूळ क्रम परत लावता येणार नाही.

गठ्ठ्यांत वाक्यं वाटताना लांबीनुसार सगळा संच लावू नका. ही फार नेहमीची चूक. पूर्ण संच लांबीने लावून मग कापला तर पहिले गठ्ठे दोन मिनिटांत संपतात आणि शेवटचे संपतच नाहीत. आधी सरमिसळ करून गठ्ठे पाडा, मग प्रत्येक गठ्ठ्याच्या आत लांबीनुसार लावा.

एका वाक्याची एक फाइल असं कधीही करू नका. क्लस्टरची सामायिक फाइलव्यवस्था मोठ्या फाइली भराभर देते, पण लाखो छोट्या फाइलींच्या नोंदी सांभाळताना तिचा नोंद-सर्व्हर अडतो. त्याने तुमच्यासोबत बाकी सगळ्यांचीही कामं अडतात आणि व्यवस्थापकाचा निरोप येतो.

गठ्ठे क्लस्टरवर पाठवताना दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, त्यामुळे मराठी मजकूर चांगला दाबला जातो. बदलापूर किंवा विरारच्या घरून सेकंदाला २० मेगाबिटच्या जोडणीने ५० जीबी चढवायला साडेपाच तास लागतात आणि पावसात जोडणी एकदा तरी तुटतेच. तुटल्या जागेवरून पुढे सुरू होणारं आरसिंक वापरा आणि शेवटी दोन्हीकडचे चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेली पडताळणीची संख्या) जुळवा.

> तपासणी: सगळ्या गठ्ठ्यांतल्या वाक्यांची बेरीज टप्पा २ नंतरच्या एकूण संख्येशी तंतोतंत जुळते का? एकाचाही फरक असेल तर इथेच शोधा. नंतर सापडणार नाही.

## टप्पा ५: एका नोडवर बसवा

आता एकच नोड घ्या आणि तो पूर्ण भरून चालवा. बहुतेकांचं काम "हळू झालं" ते इथेच.

कारण असं: गणिताची लायब्ररी प्रत्येक प्रोसेसमध्ये, न सांगता, नोडवर जेवढे कोअर तेवढे थ्रेड उघडते. तुम्ही ४८ प्रोसेस सुरू केल्या की २,३०४ थ्रेड ४८ कोअरसाठी भांडत बसतात. उपाय साधा आहे. पार्सर सुरू होण्यापूर्वी थ्रेड सांभाळणाऱ्या ओपनएमपी आणि गणिताच्या एमकेएल या लायब्ररींच्या थ्रेड-संख्येची पर्यावरण-चलं १ वर ठेवा, पायटॉर्च वापरत असाल तर त्याचीही थ्रेड-संख्या १. हे जॉबच्या स्क्रिप्टमध्येच लिहा. प्रोग्रॅममध्ये उशिरा लिहिलं तर लायब्ररीने आकडा आधीच वाचलेला असतो.

मेमरीचा हिशेब: मॉडेलसह एक प्रोसेस २ जीबी घेत असेल तर ४८ प्रोसेस ९६ जीबी घेतील. नोडवर तेवढी नसेल तर प्रोसेस कमी करा. लिनक्सवर मॉडेल आधी चढवून मग फोर्क केल्यास (चालू प्रोसेसची प्रत काढल्यास) त्याची पानं बऱ्याच अंशी सामायिक राहतात. मात्र जीपीयू वापरत असाल तर ही युक्ती चालत नाही. कूडा (जीपीयू चालवणारी प्रणाली) एकदा सुरू झाल्यावर फोर्क केलेली मुलं ती वापरू शकत नाहीत. तिथे स्पॉन पद्धत, म्हणजे प्रत्येक प्रोसेस कोरी सुरू करणं, घ्या.

निकाल लिहिण्याची रीत आधीच ठरवा. प्रत्येक प्रोसेसने स्वतःची फाइल लिहायची, एका फाइलमध्ये अनेकांनी लिहायचं नाही. फाइल अर्धवट असताना तिच्या नावाला "अपूर्ण" असं शेपूट ठेवायचं आणि गठ्ठा संपल्यावरच नाव बदलायचं. त्याच फाइलव्यवस्थेतलं नाव-बदल एका फटक्यात होतं. त्यामुळे पूर्ण नावाची फाइल दिसली की गठ्ठा संपला हे पक्कं. पुन्हा चालवताना स्क्रिप्टने पूर्ण नावाच्या फाइली सोडून द्यायच्या. एवढं केलं की काम मध्येच मेलं तरी तीच आज्ञा पुन्हा द्यायची आणि ते उरलेल्या गठ्ठ्यांपासून सुरू होतं.

> तपासणी: १, ६, १२, २४ आणि ४८ प्रोसेसवर वेग मोजा. २४ पासून ४८ पर्यंत वेग जेमतेम वाढत असेल तर मेमरीची रुंदी, म्हणजे तिच्यातून माहिती आणण्याची क्षमता, संपली आहे. मग २४ वरच थांबा.

## टप्पा ६: जीपीयू असेल तर

ट्रान्सफॉर्मरवर (म्युरिलसारख्या न्यूरल मॉडेलवर) बसवलेला पार्सर असेल तर जीपीयूच हवा. इथे सगळा खेळ बॅचचा, म्हणजे एका वेळी जीपीयूला दिलेल्या वाक्यांच्या गटाचा.

एका बॅचमधली वाक्यं सर्वांत लांब वाक्याएवढी फुगवली जातात, रिकाम्या जागा भरून. बॅचमध्ये ३१ वाक्यं १२ शब्दांची आणि एक १२० शब्दांचं असेल तर ३,८४० जागांपैकी खरे शब्द ४९२. म्हणजे आठव्या हिश्श्याच्या आसपास काम खरं आणि बाकी वाया. त्यात अटेन्शनचा, म्हणजे प्रत्येक शब्द बाकी सगळ्या शब्दांशी ताडण्याचा, खर्च लांबीच्या वर्गाने वाढतो: १२० शब्दांचं वाक्य १२ शब्दांच्या शंभरपट. एकाच रुळावर पुढे स्लो लोकल असेल तर मागची फास्ट कितीही फास्ट असून उपयोग नसतो, तसं हे आहे. म्हणून सारख्या लांबीची वाक्यं एकत्र ठेवा. टप्पा ४ मध्ये गठ्ठ्याच्या आत लांबीने लावलं ते याचसाठी, आणि टप्पा २ मध्ये भली लांब वाक्यं बाजूला काढली तीही.

लांबी शब्दांत मोजू नका, उपशब्दांत मोजा. "विद्यार्थ्यांसाठीच्यासुद्धा" यासारख्या एका शब्दाचे टोकनायझर अनेक तुकडे करतो, तेच उपशब्द. बॅचची मर्यादाही वाक्यांच्या संख्येत न ठेवता एकूण उपशब्दांत ठेवा. सहा-आठ हजारांपासून सुरुवात करा. मेमरी अपुरी पडली तर मर्यादा निम्मी करा. अनेक मॉडेलांना ५१२ उपशब्दांचीच सीमा असते. त्यापुढचं शेपूट काही प्रोग्रॅम चूपचाप कापतात. तुमचा काय करतो ते एक मुद्दाम लांब वाक्य देऊन पाहा.

जीपीयूचा वापर तीस-चाळीस टक्क्यांवर अडकला असेल तर दोष जीपीयूचा नसतो. दोन जागा तपासा. पहिली, टोकनायझर एकाच प्रोसेसमध्ये चालतोय का? तो वेगळ्या प्रोसेसमध्ये आधीच चालवून ठेवा. दुसरी, आणि ही सहज नजरेतून सुटते, वृक्ष शोधण्याची पायरी. प्रत्येक जोडीचे गुण जीपीयू एका फटक्यात काढतो, पण त्यांतून सर्वोत्तम वृक्ष निवडणारी चू-ल्यू-एडमंड्स पद्धत बहुधा सीपीयूवर, एकेका वाक्यासाठी चालते. यावर चांगला मार्ग आहे. आधी प्रत्येक शब्दाला सर्वाधिक गुणांचं हेड जीपीयूवरच द्या. त्यातून चक्र नसलेला, एकच मूळ असलेला वृक्ष तयार झाला असेल तर तोच सर्वोत्तम वृक्ष आहे, वेगळी शोधाशोध नको. चक्र पडलेली किंवा एकाहून अधिक मुळांची वाक्यंच सीपीयूकडे पाठवा.

## टप्पा ७: रांगेत लावा

लॉगिन नोडवर, म्हणजे सगळे जिथून प्रवेश करतात त्या सामायिक संगणकावर, पार्सर चालवू नका. चाचणीपुरताही नको, चाचणीसाठी छोटी रांग असते.

स्लर्म या रांग सांभाळणाऱ्या प्रणालीवर काम असेल तर ॲरे जॉब वापरा, म्हणजे एकाच आज्ञेतून अनेक क्रमांकित कामं. मात्र २,८०० गठ्ठ्यांसाठी २,८०० जॉब लावू नका. ॲरेच्या आकारावर मर्यादा असते, न बदललेल्या मांडणीत क्रमांक १,००० च्या पुढे जात नाही. ॲरेच्या एका कामाला एक पूर्ण नोड द्या आणि त्या कामात ४८ गठ्ठे एकाच वेळी चालवा. २,८०० गठ्ठ्यांना साठच्या आत कामं पुरतात. एका वेळी किती कामं चालावीत याची मर्यादाही ॲरेच्या आज्ञेतच घाला, म्हणजे बाकीच्यांना यंत्र मोकळं राहील.

वेळ मोजून मागा. अर्ध्या तासाचं काम असेल तर एक तास मागा, चोवीस नको. रांगेचा नियोजक मोठ्या कामांच्या मधल्या फटींत छोटी कामं बसवतो. चोवीस तास मागणाऱ्याला ती फट कधीच मिळत नाही.

पाठवण्याचा क्रम:

१. एक काम, दोन गठ्ठे. निकाल उघडून डोळ्यांनी वाचा.

२. एक काम, पूर्ण नोड. मेमरी आणि वेळ नोंदवा.

३. तीन कामं. फाइलव्यवस्थेचा वेग टिकतो का पाहा. घसरला तर गठ्ठे आधी नोडच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवून घ्या, निकालही तिथेच लिहा आणि संपल्यावर "अपूर्ण" शेपटासह सामायिक जागेत न्या, मग नाव बदला.

४. उरलेली सगळी.

> इशारा: एका वाईट वाक्यामुळे ७२,००० वाक्यांचा गठ्ठा पडू देऊ नका. प्रत्येक बॅचची चूक पकडा, त्या वाक्यांचे क्रमांक वेगळ्या फाइलमध्ये लिहा आणि पुढे चला. चूक पकडून गप्प बसणं मात्र त्याहून वाईट. वाक्यं गायब होतात ती अशीच.

## टप्पा ८: निकाल तपासा, मग जोडा

जोडण्याआधी प्रत्येक निकाल-फाइलवर हे पाहा:

- आत गेलेले ओळख-क्रमांक आणि बाहेर आलेले, चुकलेल्यांची यादी धरून, तंतोतंत जुळतात का
- प्रत्येक वाक्यात मूळ एकच आहे का, चक्र नाही ना, हेडचा क्रमांक वाक्याच्या बाहेर जात नाही ना
- प्रत्येक शब्दाच्या ओळीत टॅबने वेगळे केलेले दहा स्तंभ आहेत का आणि दोन वाक्यांमध्ये रिकामी ओळ आहे का

यूनिव्हर्सल डिपेन्डन्सीज प्रकल्पाची तपासणी-स्क्रिप्ट यांतलं बरंच करते. तीही गठ्ठ्यांवर समांतर चालवा, जोडलेल्या महाकाय फाइलवर नको.

त्यानंतर टप्पा ३ मधली दहा हजार वाक्यं मोठ्या कामाच्या निकालातून काढा आणि एका कोअरच्या निकालाशी ताडून पाहा. सीपीयूवर ती जवळजवळ शब्दन् शब्द सारखी यायला हवीत. जीपीयूवर थोडा फरक पडू शकतो, कारण बॅचचा आकार बदलला की दशांश संख्यांच्या बेरजेचा क्रम बदलतो आणि जवळजवळ बरोबरीत असलेल्या दोन हेडांपैकी दुसरं निवडलं जातं. हजार शब्दांमागे एखाद-दुसरं हेड बदलणं समजू शकतो. शंभरामागे दोन-तीन बदलत असतील तर फुगवलेल्या रिकाम्या जागा झाकणारा मास्क चुकला आहे किंवा अर्ध्या अचूकतेचं (३२ऐवजी १६ बिटांचं) गणित मॉडेलला झेपत नाही. बॅचमध्ये एकच वाक्य ठेवून चालवा. फरक नाहीसा झाला तर मास्क बघा. राहिला तर पूर्ण अचूकतेवर चालवून पाहा.

चुकलेल्या वाक्यांची यादी आणि टप्पा २ मध्ये बाजूला काढलेली लांब वाक्यं आता एका नोडवर, छोट्या बॅचमध्ये, निवांत चालवा. त्यांतली बरीचशी वाचल्यावर लक्षात येईल की संक्षेपांच्या यादीत एखादा राहून गेला होता. तो यादीत घाला, तो संक्षेप ज्या परिच्छेदांत येतो तेवढेच परिच्छेद पुन्हा तोडा आणि त्यांचेच गठ्ठे नव्याने पाठवा. ओळख-क्रमांकात परिच्छेद ठेवला होता तो यासाठी.

शेवटी सगळं मूळ क्रमाने लावून, स्रोत फाइलनिहाय, दाबून ठेवा. शेजारी एका साध्या मजकूर-फाइलमध्ये पार्सरची आवृत्ती, मॉडेलचा चेकसम, सामान्यीकरणाचे नियम, संक्षेपांची यादी आणि बॅचची मर्यादा लिहा. क्लस्टरवरची तात्पुरती जागा अनेक ठिकाणी ठरावीक दिवसांनी आपोआप पुसली जाते. निकाल त्याआधी तिथून हलवा आणि हलवल्यावर चेकसम पुन्हा जुळवा.